आठवा डबा

भुसावळहून डबे निघाले आठ,
दोंडाईच्याला उतरले सात.
आठवा नरडाण्याला राहिला,
कुणाच्या तरी लग्नाच्या भांड्यांत मिसळून.
मला कळलं तेव्हा सातव्यातली
जेमतेम दहा मिनिटं उरली होती,
आणि पडद्यावर एका लॉजमध्ये
सहा माणसं एकाच खाटेखाली लपली होती.

पिक्चर चावट. नाव ‘कुरकुरती खाट’.
पोस्टरवर शेठनं स्वतः ब्रश घेऊन
चंद्रकलाचं पोलकं दोन बोटं खाली ओढलेलं.
चंद्रकला लॉजची मालकीण.
तिनं दिवा लावला तरी थेटर शिट्ट्या मारी,
विझवला तर विचारूच नका.
भिंतीला भोक, भोकाला हवालदाराचा डोळा.
बॉडीस विकणारा फिरता एजंट.
बुरख्यातल्या आपल्याच बायकोला
प्रेमपत्रं लिहिणारा कंपाउंडर.
आणि नवं जोडपं. त्यांची खाट कुरकुरली
की खालच्या मजल्यावरचे गुरुजी
मोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणत.

शेठ केबिनमध्ये आला, घामाघूम.
‘पैसे परत मागतील. जा, शेवट सांगून ये.’
मी कुठला पाहिलाय? पेटी आजच फुटलेली.
पण ऑपरेटरनंच शेवट माहीत नाही म्हणायचं
म्हणजे पुजाऱ्यानं देव कुठं बसतो विचारायचं.

पडद्यासमोर उभा राहिलो. अंगावर पांढरा उजेड,
समोर अख्खा मिरचीबाजार:
हमाल, मापाडी, बिड्या, शिंका.

आधी सोपी सोपी माणसं उरकली.
एजंटाला कंपाउंडरची मेहुणी दिली.
कंपाउंडरला बायकोनं उठाबशा काढत
त्याचीच पत्रं वाचायला लावली.
जोडप्याला नवी खाट, शिसवी, मुकी.
‘मुकी खाट काय कामनी?’ हिलाल मापाडी ओरडला.
गुरुजी तिसावर थांबले. टाळ्या. मी निघालो.

तेवढ्यात कनातीपलीकडून,
देठ खुडणाऱ्या बायकांतून ठगूबाई:
‘आन चंद्रकलानं काय व्हयनं?’

‘हवालदारले दी टाक!’ कुणीतरी म्हणालं,
आणि थेटर हसलं.

खरं सांगतो, माझ्याही तोंडी तेच आलं होतं.
असल्या पिक्चरचा हिशेबच तो,
ज्यानं जास्त पाहिलं, माल त्याचा.
पण ठगूबाई उभी होती. दिवसभराच्या मिरचीनं
बोटं फुगलेली, लाल. त्या हातांनी
डोळासुद्धा पुसता येत नाही.

म्हणालो, चंद्रकलानं खाट फोडली.
त्या लाकडांवर पाणी तापवलं,
आतून कडी लावली, आणि अंगावर तांब्या घ्यायच्या आधी
भिंतीच्या भोकात एक मिरची खोचली.
वाळकी, लाल. मोडलेलं टोक
पलीकडच्या बाजूला.

क्षणभर काहीच नाही.
मग हसू उठलं, कनातीपलीकडून,
तीन तासांत पहिल्यांदा त्या बाजूनं,
आणि थांबेचना. हमाल एकमेकांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी आठवा डबा आला.
त्यात हवालदारानं हार घातला,
चंद्रकला लाजली,
सगळी जोडपी ओळीत उभी राहिली
फोटोला राहतात तशी. समाप्त.
ठगूबाई परत आली होती, पदरचे पैसे मोडून.
‘हाऊ शेवट खोटा शे,’ ती म्हणाली,
नि दिवे लागायच्या आत बायका उठून गेल्या.

माझ्या केबिनच्या भिंतीलाही दोन भोकं.
एकातून उजेड जायचा.
दुसऱ्यातून मी पडदा बघायचो,
आणि मान थोडी वळवली की
कनातीपलीकडचंही.

सोमवारी झाडताना त्या दुसऱ्या भोकात
एक देठ सापडला.
नुसता देठ.
मी तो काढला नाही.
रीळ कुठं संपतंय, ते त्यानंतर
मी कानानं ओळखायला शिकलो.